हजारो लेखांचा विषयवार नकाशा: टॉपिक मॅपने जुना संग्रह कसा लावावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खगोलशास्त्रावर पंधरा वर्षांत लिहिलेले चार हजारांच्या आसपास लेख आहेत. त्यांना लावलेले टॅग नऊशेच्या पुढे गेले आहेत आणि त्यातले निम्मे एकदाच वापरलेले आहेत. तरीही 'धूमकेतूंवर तुम्ही आजवर काय काय लिहिलं आहे?' असं कुणी विचारलं तर सलग उत्तर देता येत नाही. अशा संग्रहाला टॉपिक मॅप, म्हणजे विषय, त्यांची आपसांतली नाती आणि त्यांवरचे लेख यांचा नकाशा, लावावा का, आणि लावायचा तर सुरुवात कुठून करावी?

लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र सॉफ्टवेअर निवडण्यापासून सुरुवात करू नका. आपल्या लेखांमध्ये नेमक्या कोणकोणत्या गोष्टींबद्दल लिहिलं गेलंय, हे आधी ठरवावं लागतं. हे काम कागदावरही होतं, आणि ते नीट झालं नाही तर कोणतंही साधन उपयोगी पडत नाही.

टॅगांचा नेमका दोष काय, ते आधी पाहू. 'कॅसिनी' हा टॅग घ्या. त्याखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतील: जोव्हान्नी कॅसिनी हा सतराव्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ, शनीच्या कड्यांमधली त्याने १६७५ मध्ये दाखवून दिलेली फट, आणि १९९७ मध्ये निघून २००४ मध्ये शनीपाशी पोचलेलं, १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीच्या वातावरणात शिरून संपलेलं कॅसिनी यान. टॅग म्हणजे नुसता शब्द, त्याला यांतला फरक कळायचं कारण नाही. उलट बाजूने पाहिलं तर देवयानी दीर्घिका, अँड्रोमेडा, एम ३१ आणि एनजीसी २२४ ही एकाच वस्तूची चार नावं आहेत. चार टॅग असतील तर लेखही चार ठिकाणी विखुरणार. आणि तिसरी अडचण मला सगळ्यांत मोठी वाटते: टॅगांना एकमेकांची माहितीच नसते. टायटन हा शनीचा चंद्र आहे, हायगेन्स नावाचं यान त्याच्यावर उतरलं, आणि ज्या ख्रिस्तियान हायगेन्सने १६५५ मध्ये टायटन शोधला त्याचंच नाव त्या यानाला दिलं, यातलं काहीही टॅगांच्या यादीतून दिसत नाही.

वर्गवारीचं झाड हा दुसरा नेहमीचा उपाय. तो आणखी लवकर अडतो. हायगेन्स टायटनवर उतरलं त्यावरचा लेख 'मोहिमा'मध्ये ठेवायचा, 'चंद्र'मध्ये, की 'शनी'मध्ये? प्रत्येक गोष्टीला एकच जागा देणाऱ्या पद्धतीत ही ओढाताण होणारच. ग्रंथालयांना हे फार आधी जाणवलं होतं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडलं ते याच कारणाने: विषय एका फांदीवर न टांगता त्याचे पैलू वेगळे करायचे आणि लागतील तसे जोडायचे.

टॉपिक मॅपचं मूळ पुस्तकाच्या शेवटी असलेल्या सूचीत आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणक प्रणालींची माहितीपुस्तकं तयार करणाऱ्यांपुढे एक व्यावहारिक पेच उभा राहिला. वेगवेगळ्या पुस्तकांच्या सूची एकत्र कशा करायच्या? एका सूचीत एक शब्द, दुसरीत दुसरा, अर्थ मात्र तोच. सूची यंत्राने जोडता यायला हवी असेल तर तिच्या आत काय काय असतं हे आधी नेमकं सांगावं लागतं. त्या विचारातून आयएसओ/आयईसी १३२५० हे टॉपिक मॅपचं आंतरराष्ट्रीय मानक २००० साली प्रसिद्ध झालं, वेबसाठीची त्याची एक्सएमएल या खुणांच्या भाषेतली मांडणी, एक्सटीएम, २००१ मध्ये आली, आणि २००६ मध्ये त्यामागची माहितीची रचना नव्याने, जास्त काटेकोरपणे लिहिली गेली. हा इतिहास सांगायचं कारण इतकंच, की तुमची अडचण आणि या पद्धतीचं जन्मकारण एकच आहे.

टॉपिक मॅपमध्ये मुख्य घटक तीन. विषय, म्हणजे ज्याबद्दल काही सांगायचं आहे अशी कोणतीही गोष्ट: ग्रह, माणूस, यान, संकल्पना, घटना. संबंध, म्हणजे दोन किंवा जास्त विषयांमधलं नातं. आणि उल्लेख, म्हणजे त्या विषयाबद्दल माहिती जिथे आहे ती जागा. तुमच्या बाबतीत लेख. विषय आणि संबंध लेखांच्या वरच्या थरात राहतात, लेख खाली आहेत तसेच राहतात. लेखांना हात न लावता नकाशा बदलता येतो, आणि उद्या लेख दुसऱ्या प्रणालीत हलवले तरी नकाशा टिकतो. मोठ्या, जुन्या संग्रहासाठी हा फार मोठा फायदा आहे.

आता खरा कळीचा मुद्दा: विषयाची ओळख नावावरून ठरवायची नाही. प्रत्येक विषयाला एक कायमचा क्रमांक द्या आणि त्यासोबत जगात मान्य असलेली एक ओळखखूण जोडा. ओळखखूण म्हणजे तो विषय कोणता हे निःसंदिग्धपणे सांगणाऱ्या पानाचा पत्ता. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटा या सगळ्यांसाठी खुल्या माहितीकोशामुळे हे काम पुष्कळ सोपं झालं आहे. तिथे कॅसिनी हा माणूस, कॅसिनी यान आणि कड्यांमधली फट यांच्या नोंदी वेगवेगळ्या क्रमांकांनी आहेत. दोन नोंदींची ओळखखूण एकच निघाली तर त्या एकाच विषयाच्या आहेत, आणि त्या विलीन करायच्या. नावं, संबंध, उल्लेख सगळं एकत्र येतं. नुसती नावं जुळली म्हणून विलीन करायचं नाही. गंमत म्हणजे मानकाच्या पहिल्या आवृत्तीत नाव आणि त्याची व्याप्ती (ते कोणत्या संदर्भात लागू आहे ते) जुळली की विषय एकच धरावा असा नियम होता. २००६ च्या रचनेत तो काढून टाकला. ज्यांनी ही पद्धत घडवली त्यांनाच नावावर भिस्त ठेवणं महागात पडतं हे पटलं, तेव्हा आपणही तो मोह टाळावा.

इथे एक बारीक फरक पक्का लक्षात ठेवा. कधी वेबवरचं पान हाच विषय असतो, कधी ते पान फक्त विषयाकडे बोट दाखवत असतं. यानाबद्दल माहिती देणारं पान म्हणजे यान नव्हे. पण तुम्ही एखाद्या संकेतस्थळाचं परीक्षण लिहिलं असेल, तर ते संकेतस्थळ स्वतःच विषय आहे. मानकात या दोन प्रकारच्या पत्त्यांसाठी वेगळ्या जागा आहेत. तुमच्या तक्त्यातही दोन वेगळे रकाने ठेवा, म्हणजे पुढे गोंधळ होत नाही.

संबंधांकडे वळू. इथे बहुतेक जण अतिउत्साहात पन्नास प्रकारचे संबंध तयार करतात आणि सहा महिन्यांनी कोणता कधी वापरायचा हे त्यांनाच आठवत नाही. खगोलशास्त्राच्या संग्रहाला आठ-दहा प्रकार पुरतात: अमुक तमुकाभोवती फिरतो, अमुक तमुकाचा भाग आहे, अमुक तमुक प्रकारचा आहे, अमुकाने तमुक शोधलं, यानाने अमुक ठिकाणाला भेट दिली, अमुकाचं नाव तमुकावरून पडलं, अमुक उपकरण तमुकावर बसवलेलं आहे, अमुक कारणाने तमुक घडतं. नवा प्रकार हवासा वाटला तर तो किमान वीस ठिकाणी लागेल का, हे स्वतःला विचारा. नसेल लागणार, तर ती माहिती लेखातच राहू द्या.

संबंधात प्रत्येक विषयाची भूमिका लिहून ठेवणं ही टॉपिक मॅपची खास ताकद आहे, आणि ती मला मनापासून आवडते. नेपच्यूनचा शोध घ्या. ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने गणिताने जागा सांगितली, योहान गाले याने २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेतून तो प्रत्यक्ष पाहिला, आणि इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्सनेही स्वतंत्रपणे आकडेमोड केली होती. 'नेपच्यून कुणी शोधला' याला एक नाव देणं अन्याय्य आहे. 'शोध' या एकाच संबंधात शोधलेली वस्तू, भाकीत करणारे, प्रत्यक्ष पाहणारा आणि वेधशाळा अशा भूमिका नोंदवल्या की खरी हकीकत तशीच उतरते. दोन-दोन गोष्टींच्या जोड्यांवर चालणाऱ्या आरडीएफ या वेबवरच्या माहिती-मांडणीसारख्या पद्धतीत हेच करायला मध्ये एक जास्तीची नोंद उभी करावी लागते. तेही जमतं, पण टॉपिक मॅपमध्ये ते रचनेतच आहे.

तरी वाचकाच्या दृष्टीने सगळ्यांत जास्त फरक पडतो तो उल्लेखांचे प्रकार वेगळे केल्याने. शनीचा टॅग असलेले समजा तीनशे लेख आहेत. त्यातले शनीबद्दल खरोखर काही सांगणारे पंचवीस असतील, बाकीच्यांत शनी जाता जाता आलेला असतो. टॅग या दोघांना एकाच पंगतीत बसवतो आणि वाचक तिसऱ्या पानावर कंटाळून निघून जातो. उल्लेखाला प्रकार द्या: मुख्य लेख, स्पष्टीकरण, बातमी, निरीक्षणाची नोंद, पुस्तकाचं किंवा उपकरणाचं परीक्षण, ओझरता उल्लेख. मुख्य लेख एका विषयाला पाच-सातपेक्षा जास्त नसावेत, आणि ते माणसानेच निवडावेत. मनुष्यबळ किंवा वेळ कमी असेल आणि या सगळ्यातलं एकच काम करता येणार असेल तर हे करा. विषयांच्या शंभर पानांवर नीट निवडलेले मुख्य लेख असले, तर संबंधांचा एकही दुवा नसतानाही संग्रह वाचनीय होतो.

उल्लेखासोबत तारीखही येऊ द्या, कारण विज्ञानात जुना लेख जुन्या माहितीवर उभा असतो. यासाठी व्याप्ती ही सोय आहे. एखादं विधान किंवा नाव कोणत्या संदर्भात लागू आहे, हे व्याप्ती सांगते. प्लूटोचं उदाहरण उघड आहे. १९३० मध्ये सापडल्यापासून तो नववा ग्रह होता. २४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि तो बटुग्रह झाला. 'प्लूटो हा ग्रह' आणि 'प्लूटो हा बटुग्रह' हे दोन्ही संबंध नकाशात ठेवा, प्रत्येकाला काळाची व्याप्ती लावा. जुना लेख पुसायची किंवा दुरुस्त करायची गरज पडत नाही, आणि विषयाच्या पानावर वाचकाला त्या लेखाचा काळ दिसतो. नावांनाही व्याप्ती लावता येते: व्याध हे मराठी नाव, सिरियस हे आंतरराष्ट्रीय, अल्फा कॅनिस मेजोरिस हे तारकायादीतलं. शोधताना कोणतंही चाललं पाहिजे, दाखवताना मात्र एकच ठळक दिसावं.

प्रत्यक्ष काम कसं करायचं? मी शोधपेटीच्या नोंदींपासून सुरुवात करतो. वाचक काय टाइप करतात आणि कुठे रिकाम्या हाताने परततात, ते आधी पहा. मग दर वर्षातले दहा-पंधरा लेख अशी उभी फोड घ्या आणि प्रत्येक लेख नेमका कशाबद्दल आहे ते एका ओळीत लिहा. नुसते ताजे लेख घेऊ नका, कारण पंधरा वर्षांत लिहिणाऱ्याची आवड आणि शब्द दोन्ही बदललेले असतात. एवढ्यातून दोनशे-अडीचशे विषय सहज निघतात. चार हजार लेखांना पहिल्या टप्प्यात तीनशे ते सहाशे विषय पुरेसे असतात. एखाद्या गोष्टीवर किमान तीन लेख असतील, किंवा ती दोन मोठ्या विषयांना जोडत असेल, तरच तिला विषय म्हणून नोंदवा. बाकीच्यांसाठी मजकुरातला साधा शोध आहेच.

साठवायला चार तक्ते पुरतात. विषय: क्रमांक, प्रकार, ओळखखूण, पान हाच विषय असेल तर त्याचा पत्ता, दोन वाक्यांची ओळख. नावं: विषयक्रमांक, नाव, व्याप्ती. संबंध: संबंधक्रमांक, प्रकार, विषयक्रमांक, भूमिका, व्याप्ती, एका संबंधात जितक्या भूमिका तितक्या ओळी. उल्लेख: विषयक्रमांक, लेखाचा पत्ता, उल्लेखाचा प्रकार, तारीख. स्प्रेडशीटमध्ये सुरू करा, नंतर एसक्यूलाइट या छोट्या विदागारात न्या.

पुढची पायरी यंत्राची: नावांच्या तक्त्यातलं प्रत्येक नाव सगळ्या लेखांत शोधायचं आणि सापडेल तिथे 'संभाव्य उल्लेख' म्हणून नोंद करायची. मराठी मजकुरात इथे तीन सापळे आहेत. पहिला सामान्यरूपाचा. दीर्घिका शोधाल तर 'दीर्घिकेच्या', 'दीर्घिकांमध्ये' सुटतील. तारा शोधाल तर 'ताऱ्यांचा' सुटेल. म्हणून प्रत्येक नावासोबत त्याची सामान्यरूपंही नोंदवा. दुसरा सापळा उलट्या दिशेचा: 'गुरू' शोधताना शिक्षकही येतात, आणि शब्दाची सुरुवात तेवढी जुळवली तर 'मंगळ'मध्ये मंगळवार, 'बुध'मध्ये बुधवार येतो. अशा नावांसाठी वगळायच्या शब्दांची यादी ठेवा. तिसरा सापळा डोळ्यांना दिसतच नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतावलीत २००८ मध्ये स्वतंत्रपणे आलं. त्याआधीच्या लेखांत ते 'अ' आणि चंद्र जोडून लिहिलेलं असतं. 'ताऱ्या'मधला अर्धा र सुद्धा दोन-तीन तऱ्हांनी साठवलेला सापडतो, कधी मध्ये अदृश्य जोडचिन्ह असतं. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण हे सगळे फरक मिटवत नाही. शोधाआधी स्वतःचा एक छोटा बदलतक्ता चालवून मजकुराची शोधापुरती प्रत एकसारखी करून घ्या. मूळ लेख तसाच राहू द्या.

हल्लीची भाषा-प्रारूपं, म्हणजे मजकूर वाचून-लिहून देणारी एआय साधनं, संभाव्य विषय आणि संबंध सुचवायला फार उपयोगी आहेत. त्यांच्याकडून प्रत्येक लेखाचा एका ओळीचा सारांश आणि मुख्य विषयांची यादी काढून घ्या, काम निम्म्याने हलकं होतं. पण मंजुरी माणसाचीच हवी, विशेषतः ओळखखूण जोडताना. सारख्या नावाच्या दोन गोष्टींपैकी चुकीची निवडली गेली तर चूक एका लेखात न राहता सगळ्या नकाशाभर पसरते.

साधनांबद्दल सरळ सांगतो. टॉपिक मॅपसाठी ऑन्टोपिया हा एक परिपूर्ण संच होता. २००९ मध्ये तो मुक्त स्रोत म्हणून खुला झाला. वँडोरा हेही चांगलं साधन आहे. पण या मानकाभोवतीची वर्दळ ओसरली, त्याची प्रश्नभाषा (नकाशाला प्रश्न विचारायची भाषा) मानक म्हणून पूर्ण झालीच नाही, आणि जगाचा कल आरडीएफकडे गेला. म्हणून विचार टॉपिक मॅपचा ठेवा, साठवण साध्या तक्त्यांत ठेवा, आणि बाहेर देण्यासाठी एक्सटीएम किंवा स्कॉस (विषययाद्यांची एक मानक मांडणी) असं रूप तयार करा. २००९ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केलेलं स्कॉस ग्रंथालयांना ओळखीचं आहे, पण त्याच्या पायाभूत शब्दांत व्यापक, संकुचित आणि संबंधित एवढीच नाती आहेत. नेपच्यूनच्या शोधातल्या भूमिका त्यात मावत नाहीत. त्यामुळे स्कॉस हे निर्यातीचं रूप असावं. मूळ नोंद त्यात ठेवली तर तपशील हरवतील.

वाचकाला काय दाखवायचं, याबद्दल माझा आग्रह आहे. गोळे आणि रेषांचं फिरतं चित्र मुखपृष्ठावर टाकू नका. तयार करणाऱ्याला ते सुंदर दिसतं, वाचक दोनदा ओढून पाहतो आणि सोडून देतो. प्रत्येक विषयाला एक साधं पान द्या. वर दोन वाक्यांत ओळख, मग मुख्य लेख, मग संबंधित विषय नात्यांच्या मथळ्याखाली ('याचे चंद्र', 'इथे गेलेली यानं', 'याचा शोध'), आणि शेवटी बाकीचे उल्लेख वर्षांप्रमाणे. लेखाच्या खाली त्याच्या मुख्य विषयांचे दोन ते चार दुवे, त्याहून जास्त नकोत. अशा पानांवरून वाचक टायटनपासून हायगेन्स यानाकडे, तिथून त्या माणसाकडे आणि मग सतराव्या शतकातल्या दुर्बिणींकडे आपसूक पोचतो. एवढी वाट मोकळी झाली तर सगळा खटाटोप सार्थकी लागला असं मी समजतो.

चालू ठेवायचे नियम थोडे आहेत. नवा लेख प्रसिद्ध करताना लिहिणाऱ्यानेच विषय निवडावेत, यादीतून. नवा विषय हवा असेल तर ओळखखूण आणि दोन वाक्यांची ओळख लिहिल्याशिवाय तो उघडू नये. महिन्यातून एकदा दोन याद्या काढा: मुख्य विषय नसलेले लेख आणि एकही मुख्य लेख नसलेले विषय. दुसरी यादी पुढे काय लिहायचं हेही सुचवते. विषयक्रमांक कधीही पुन्हा वापरू नका. दोन विषय विलीन केले तर जुना पत्ता नव्याकडे वळवा. आणि शंका असेल तेव्हा दोन विषय वेगळेच ठेवा. विलीन करणं क्षणाचं काम आहे, पण एकदा मिसळलेले विषय वेगळे करायचे म्हणजे प्रत्येक लेख पुन्हा उघडून वाचावा लागतो.

राहिले नऊशे टॅग. ते सरसकट पुसू नका, बाहेरचे कितीतरी दुवे त्या पानांवर येत असतील. प्रत्येक टॅग नावांच्या तक्त्यात घ्या आणि योग्य विषयाला जोडा. एकदाच वापरलेल्या टॅगांपैकी बरेचसे आधीच नोंदलेल्या एखाद्या विषयाचंच दुसरं नाव ठरतात, उरलेले त्या एका लेखाकडे वळवून बंद करता येतात. संदिग्ध टॅग मात्र वळवू नका. 'गॅलिलिओ'च्या पानावर शास्त्रज्ञ, १९८९ मध्ये गुरूकडे निघालेलं यान आणि युरोपची उपग्रह-दिशादर्शन प्रणाली असे तीन पर्याय एकेका ओळीच्या ओळखीसह ठेवा. कोणता हवा ते वाचक निवडेल, आणि त्याने काय निवडलं याची नोंद तुम्हाला पुढच्या फेरीत कामी येईल.